जाळरेषा ते भिंत : प्रकल्प नोंदी

काम : जंगलालगतच्या टोलीतील (छोट्या वस्तीतील) घरे, गोठे आणि दोन होमस्टे वणव्याच्या हंगामासाठी तयार करणे.
जागा : नागपूर जिल्हा, रामटेक तालुका, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफर पट्ट्याची कड. १४ घरे, ६ गोठे, अंगणवाडीची एक खोली.

८ जानेवारी

पहिली पाहणी. टेप घेऊन शेवटच्या घराच्या भिंतीपासून वनहद्दीच्या मुनाऱ्यापर्यंत (हद्दीच्या खांबापर्यंत) मोजले. सर्वांत कमी अंतर २२ मीटर, सर्वांत जास्त ६१. जंगल खाली नाल्यात, टोली वर. चढ ८ ते १० अंश. उन्हाळ्यात दुपारचा वारा पश्चिम-वायव्येचा, म्हणजे चढ आणि वारा दोघेही आगीला घराकडेच ढकलणार. चढ दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे इथले २२ मीटर सपाटीवरच्या २२ मीटरइतके धरायचे नाहीत.

हद्दीपलीकडे सागाचा पाला, कमरेएवढे कुसळी गवत, मधूनमधून रानतुळस आणि घाणेरी. ते अपेक्षितच होते. मोजणीत न धरलेली गोष्ट हद्दीच्या अलीकडच्या बाजूला निघाली : १४ पैकी ११ घरांच्या मागच्या भिंतीला काही ना काही टेकलेले. तुरीचे कुटार (ढोरांसाठीचा भुसा), पऱ्हाट्या, तुराट्या, सरपण, गोवऱ्या. भिंतीपासून दोन मीटरच्या आत इतके कोरडे जळण आहे, की जंगल पेटले नाही तरी एक बिडी पुरे.

११ जानेवारी

कोणता कायदा कुठपर्यंत लागतो, ते नकाशावर रंगवून पाहिले.

मुनाऱ्यापलीकडे : भारतीय वन अधिनियम, १९२७. कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणे गुन्हा आहेच, शिवाय मनाईच्या हंगामात नुसती आग पेटवणे, ठेवणे किंवा सोबत नेणेही त्यात येते. संरक्षित वनासाठी कलम ३३. अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे कलम ३०. कलम ७९ बऱ्याच जणांना ठाऊक नसते. वनात हक्क असणाऱ्याने, वनोपज नेण्याची परवानगी असणाऱ्याने आणि लगतच्या गावातील सरकारी पगार घेणाऱ्याने आग दिसताच वन अधिकाऱ्याला किंवा पोलिसांना कळवायचे आहे आणि कोणी सांगण्याची वाट न पाहता विझवायला लागायचे आहे. अंगणवाडीच्या बाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "मंग मले बादली तं द्या जी कोणी!" बादल्या यादीत घेतल्या.

भिंतीच्या आत : होमस्टे किंवा हॉटेल असेल तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. जिथे तो लागतो तिथे जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. यंत्रणा चालू असल्याचे 'ब' नमुन्यातील प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यायचे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग आगीबद्दलच आहे, पण त्याचा सगळा भर आतल्या आगीवर : जिने, बाहेर पडायच्या वाटा, नळ, स्प्रिंकलर.

नकाशावर मधला पट्टा कोराच राहिला. वन खात्याची जाळरेषा (आग अडवायला मोकळी केलेली पट्टी) मुनाऱ्यापलीकडे संपते, अग्निशमनाचा कायदा भिंतीच्या आत सुरू होतो, आणि घर पेटायचे की नाही ते मधल्या २२ मीटरमध्ये ठरते. हंगामाचे सगळे काम याच पट्ट्यात करायचे.

१९ जानेवारी

पट्ट्यासाठी कोणता निकष धरायचा? कॅलिफोर्नियात सार्वजनिक संसाधन संहितेच्या कलम ४२९१ खाली घराभोवती १०० फूट जागा सांभाळणे घरमालकावर बंधनकारक आहे, आणि २०२० च्या कायद्याने भिंतीपासूनचे पहिले ५ फूट हा वेगळा, सर्वांत कडक पट्टा ठरवला. ऑस्ट्रेलियाचे ३९५९ हे मानक उलट बाजूने येते : उतार, झाडोरा आणि अंतर यांवरून घरावर किती उष्णता पडेल त्याची श्रेणी काढायची आणि त्यानुसार बांधकाम करायचे. तिथे सर्वांत खालच्या वर्गानंतर १२.५, १९, २९, ४० आणि प्रत्यक्ष ज्वालेचा पट्टा अशा पायऱ्या आहेत. आकडे किलोवॅट प्रति चौरस मीटरमधले.

दोन्ही जसेच्या तसे इथे बसत नाहीत. १०० फूट म्हणजे ३० मीटर, आणि आपले मुनारे २२ वर. मुनाऱ्यापलीकडची फांदी आपण तोडायची नाही. स्वतःच्या सांदवाडीतला (परसातला) मोह किंवा सागही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत येतो, परवानगीशिवाय पाडता येत नाही. पाडायची गरजही नाही. उभे झाड क्वचितच घर पेटवते, त्याखालचा पाला पेटवतो.

ठरलेले तीन पट्टे :
पहिला, भिंतीपासून दीड मीटर. काहीही जळणारे नाही. मुरूम किंवा शेणमातीने सारवलेली जमीन.
दुसरा, १० मीटरपर्यंत. गवत बोटभर उंचीचे, कुटार-सरपण नाही, झाडांच्या फांद्या जमिनीपासून २ मीटर वर.
तिसरा, तिथून मुनाऱ्यापर्यंत. गवत कापून, पाला ओढून जळणाच्या सलग ओळी तोडायच्या.

३ फेब्रुवारी

कुटारावर अडले. "दूर नेलं तं रातच्याले ढोरायले आणून कोन टाकीन?" हा प्रश्न खरा आहे. कुटार गोठ्याला चिकटून असते ते आळसाने नाही, पावसापासून आणि ढोरांपासून राखायचे असते म्हणून. शेवटचा तोडगा असा : आठ दिवस पुरेल तेवढे गोठ्यात, तेही ओल्या गोणपाटाखाली. बाकीचे टोलीच्या पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या खालच्या अंगाला, घरांपासून ३० मीटरवर तीन वेगळ्या गंज्यांत. दोन गंज्यांत १० मीटरचे अंतर. एकच मोठी गंजी कधीही नको. पेटलेली गंजी आतून धुमसत राहते, ती विझवता येत नाही, फक्त उलगडून जळू द्यावी लागते.

एका घराचे कुटार हललेच नाही. नोंद ठेवली.

१२ फेब्रुवारी

वन खात्याची माणसे मुनाऱ्यापलीकडची ६ मीटरची जाळरेषा साफ करून गेली. आमच्या बाजूचा तिसरा पट्टा त्याच दिवशी धरला. लांबी ६४० मीटर. आधी विळ्याने गवत कापले, दाताळ्याने ओढले, मग पाठीवरच्या ब्लोअरने पाला उडवला. पाला नेहमी घराच्या आणि जंगलाच्या दोन्ही दिशांना न उडवता पट्ट्याच्या मध्यावर ढीग करून खताच्या खड्ड्यात टाकला. जंगलाकडे उडवलेला पाला म्हणजे जाळरेषेच्या काठाला जळणाची भिंत.

ब्लोअरबद्दल : यंत्रावरचे प्रमाण ५०:१, म्हणजे पेट्रोलच्या लिटरला २० मिली टू-स्ट्रोक तेल. इतवारीत लोहाओळीतून आणलेल्या दुसऱ्या यंत्राला अंदाजाने तेल घातले, ते तासाभरात धूर ओकायला लागले आणि प्लग काळा. तेल कमी पडले असते तर पिस्टनच बसला असता, म्हणजे हे स्वस्तात सुटले. पेट्रोल भरताना यंत्र उघड्या जमिनीवर ठेवून १० मिनिटे थंड करायचे. तापलेला सायलेन्सर कोरड्या गवतावर टेकवला की जाळरेषा करणाऱ्यानेच वणवा लावला असे होते.

जाळून साफ करायचा प्रस्ताव आला, नाकारला. आखून, काठ ओले करून, पहाटेच्या दवात, वाऱ्याविरुद्ध जाळणे हे वन खात्याच्या प्रशिक्षित टोळीचे काम. आपल्याला त्याचा अधिकारही नाही.

१५ फेब्रुवारी

हंगाम सुरू. १५ जूनपर्यंत. फोन क्रमांक अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवले : वन खात्याची हेल्पलाइन १९२६, अग्निशमन १०१, आपत्कालीन ११२, खाली वनरक्षकाचा.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या आग-इशाऱ्यासाठी चार मोबाइल नोंदवले. त्यावर विसंबायचे किती, हे आधीच समजून घेतलेले बरे. उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस या आग टिपणाऱ्या संवेदकाची एक चौकट जमिनीवर ३७५ मीटरची असते आणि उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. अडीचला लागलेली आग त्याला रात्रीच दिसणार. वीटभट्टीही आग म्हणूनच दिसते. इशारा दुसऱ्या दिवशी कुठे धुमसतेय ते शोधायला उत्तम. टोली वाचवायला डोळेच हवेत. सकाळी ११ ते संध्याकाळी ५ जागल (पहारा), दोघांची पाळी.

२६ फेब्रुवारी

छपरे. वणव्यात घर ज्वालेने कमी आणि निखाऱ्याने जास्त पेटते. निखारा शेकडो मीटर उडतो, २२ मीटर त्याला काहीच नाहीत. म्हणून त्याच्या बसायच्या जागा शोधल्या.

कवेलूच्या (कौलांच्या) फटींत साठलेला पाला, चिमण्यांची घरटी, खाली बांबूच्या कमच्या. नऊ घरांवर चढून कुंच्याने झाडले. टिनाच्या छपराचे नालीदार टोक उघडे असते, त्यात माती-सिमेंटचा गिलावा भरला. खिडक्या आणि झरोक्यांना जाळी : कॅलिफोर्नियाच्या बांधकाम संहितेत वायुवीजनाची छिद्रे १/८ इंचापेक्षा मोठी नकोत, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर. कोंबडीजाळी त्यासाठी निरुपयोगी, भोक फार मोठे. डासांची प्लास्टिक जाळी निखाऱ्याने वितळते. ३ मिमीची लोखंडी जाळी लावली. महिन्यातून एकदा ब्रशने साफ करावी लागेल, नाहीतर धुळीने बंद होते आणि चुलीचा धूर घरात कोंडतो.

होमस्टेच्या व्हरांड्यावरची हिरवी शेडनेट काढायला मालक तयार नाहीत. पाहुण्यांना ऊन लागते. शेडनेट पेटली की थेंब थेंब जळत खाली पडते, आणि खाली वेताच्या खुर्च्या. आज वाद मिटला नाही.

२ मार्च

होळी दरवर्षी मुनाऱ्याजवळ पेटते, यंदा शाळेच्या मैदानात. राखेवर पाणी, सकाळी पुन्हा हात लावून तपासणी. एवढेच.

१७ मार्च

मोहफुले पडू लागली. वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि वणव्यांची एक मोठी सुरुवात तिथूनच होते. टोलीच्या वाट्याची ४३ झाडे. प्रत्येकाखाली ८ ते १० मीटर व्यासाचे वर्तुळ ब्लोअरने झाडून दिले, काहींनी जुनी नेट आणि लुगडी अंथरली. नेटवरची फुले माती न लागता येतात, म्हणून ती वेचणाऱ्यालाही आवडली. समजावण्यापेक्षा झाडून देणे लवकर पटते.

तेंदूच्या खुटकटाईनंतर (झुडपांच्या छाटणीनंतर) कापलेल्या फांद्या झुडपांजवळच पडून वाळतात. त्यातल्या तिसऱ्या पट्ट्यातल्या उचलल्या.

२९ मार्च

पाण्याची चाचणी. पंप निवडताना शेतीचा ५ एचपीचा पंप बाद. थ्री फेज दिवसातून काही तासच असते आणि आग लागली की लाइन बंद करावी लागते. संत्र्याच्या बागेत फवारणीला वापरतात तो पेट्रोलवरचा एचटीपी (जास्त दाबाने फवारणारा) पंप घेतला, १०० मीटर पाइप. आधी तणनाशकाला वापरलेला होता, तीनदा धुतला.

२०० लिटरचा ड्रम ७ मिनिटांत रिकामा, म्हणजे मिनिटाला सुमारे २८ लिटर. हिशोब मांडला : ४० मीटर लांब आणि २२ मीटर रुंद पट्टा भिजवायचा तर ८८० चौरस मीटर. चौरस मीटरला २ लिटर धरले तर १,७६० लिटर आणि एक तासाहून जास्त. तोवर पहिले टोक वाळलेले. तेव्हा पट्टा भिजवायचा नाही. पाणी छपराच्या कडा, गोठे, खिडक्या आणि गंज्यांसाठी. दोन हजार लिटरची टाकी ट्रॉलीवर कायम भरलेली.

फवारणीच्या बंदुकीचे तोंड धुक्यासारख्या बारीक फवाऱ्यावर ठेवू नये. सागाचा पाला वरून ओला दिसतो आणि खाली कोरडाच राहतो. धार ठेवायची, आणि १०० लिटरला १०० मिली भांड्यांचा साबण घातला की पाणी पाल्यात शिरते.

अग्निशामकांबद्दल : ६ किलोची एबीसी पावडर १५-२० सेकंदांत संपते. कुटारावर मारली तर ज्वाला दबते, पण थंडावा नसल्याने पुन्हा पेटते. ती स्वयंपाकघरासाठी ठेवली.

११ एप्रिल

दुपारी १:५० ला पश्चिमेच्या शेताकडून धूर. गव्हाची धसकटे पेटवली होती, धुऱ्याचे (शेताच्या बांधाचे) गवत धरले, आग नाल्यात उतरली आणि जंगलाच्या बाजूने चढावर आली. म्हणजे वनाच्या सीमेवर पहारा करत असताना आग आली ती खासगी शेतातून. निष्काळजीपणे आग हाताळणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ मध्ये येते, पण धुरा जाळणे इथे गुन्हा वाटतच नाही.

१:५५ ला १९२६ आणि वनरक्षक. २:१० ला बायका-मुले पूर्वेच्या मैदानात. २:२० ला आघाडी जाळरेषेवर. ज्वाला माणसाच्या छातीएवढ्या. समोरून कोणी गेले नाही. जळलेल्या काळ्या जागेत उभे राहून दोन्ही बाजूंनी पळसाच्या ओल्या डहाळ्यांनी दाबत पुढे सरकले. डहाळी आपटून उचलायची नाही, दाबून ओढायची. उचलली की ठिणग्या मागे फेकल्या जातात. नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे घातलेल्या तिघांना परत पाठवले.

३:१५ ला आघाडी मोडली. वन खात्याची टोळी आल्यावर नाल्यातली उरलेली आग त्यांनी घेतली. कोणी भाजले नाही. घर एकही गेले नाही.

१२ एप्रिल

काय चुकले, ते राख गरम असतानाच लिहिलेले बरे.

एक. आग जाळरेषा दोन ठिकाणी ओलांडून आली. रेषा १२ फेब्रुवारीला स्वच्छ होती, पण सागाची पानगळ मार्चभर चालली आणि त्यावर पुन्हा पाला साचला. सागाचे पान पंख्याएवढे, वावटळीत जळतच उडते. फेब्रुवारीतली एक साफसफाई पुरत नाही. १५ मार्च आणि ५ एप्रिल अशा आणखी दोन फेऱ्या हव्या होत्या.

दोन. न हललेले कुटार पेटले. निखारा ४० मीटरवरून आला. दीड मीटरचा पट्टा तिथे नव्हता, मागची भिंत विटेची म्हणून घर राहिले, दाराची चौकट होरपळली.

तीन. शेडनेटला चार भोके, प्रत्येकाखाली फरशीवर वितळलेल्या प्लास्टिकचा काळा थेंब. मालकांनी आज सकाळी स्वतःच उतरवली.

चार, जे कोणाच्याच यादीत नव्हते : कुलर. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कुलर, तीन बाजूंना वुडवूलच्या ताट्या. लाइन बंद केल्यावर पंप थांबला, ऊन ४० च्या वर, वीस मिनिटांत ताट्या काडेपेटीसारख्या. एका ताटीत मुठीएवढे जळके भोक आहे, कडा अजून लालसर तपकिरी, आत पंख्याची पाती आणि पलीकडे थेट खोलीतली गादी. भोक बादलीभर पाण्याने थांबले, तेही अंगणवाडीच्या बाईंनी वळून पाहिले म्हणून. घराच्या भिंतीतले सर्वांत मोठे, सर्वांत कोरडे आणि हवा आत ओढणारे छिद्र आपण दर उन्हाळ्यात हौसेने बसवतो, आणि आम्ही ३ मिलिमीटरची जाळी झरोक्यांना लावत बसलो होतो.

कुलरचा नियम : धूर दिसताच पंखा बंद, कारण तो निखारे आणि धूर आत ओढतो. लाइन बंद होण्याआधी पंप चालू ठेवून ताट्या चिंब करायच्या. लाइन गेली तर मगाने वरून ओतायचे. ताट्यांबाहेर तीच ३ मिमी जाळी. हवा थोडी कमी येते, चालवून घ्यावे. आग सरकली की टाकीतले पाणी तसेच ठेवायचे, ओतून द्यायचे नाही.

मोहाचा एक खुंट आजही धुमसतोय. तीन बादल्या ओतूनही हाताच्या मागच्या बाजूला ऊब लागते. खणून, माती-पाणी कालवून पुन्हा. उपग्रहाचा कालचा संदेश आला नाही. रात्री दीडपर्यंत दिसण्यासारखे काही उरले नव्हते.

२४ एप्रिल

विम्याची कागदपत्रे. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी प्रमाणित 'भारत गृह रक्षा' पॉलिसी आहे. तिच्यात झुडपांची आणि जंगलाची आग धरलेली आहे. जुन्या प्रमाणित अग्नी पॉलिसीत झुडपांची आग होती, पण जंगलाची आग वगळलेली, ती वेगळी घ्यावी लागे. एका होमस्टेचा जुना कागद अजून तसाच चालू होता. होमस्टे हा धंदा, त्याला गृह रक्षा नाही तर ५ कोटींपर्यंतची 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' लागते.

प्रस्तावात छपराचे वर्णन नेमके लिहिले : कवेलू, खाली बांबूच्या कमच्या, भिंत विटेची. नुसते 'पक्के घर' लिहिले की दाव्याच्या वेळी बांबू कच्च्या बांधकामात धरायचा वाद निघतो. सामान घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत आपोआप धरले जाते. ढोरे त्या सामानात नाहीत, त्यांचा विमा वेगळा.

जळलेल्या चौकटीचा पंचनामा तलाठ्याकडून त्याच दिवशी व्हायला हवा होता, तिसऱ्या दिवशी झाला. तोवर घरच्यांनी चौकट रंगवलेली. फोटो होते म्हणून निभावले.

२६ मे

नवतपा, उन्हाळ्याचे सर्वांत तापलेले नऊ दिवस. दुपारी कामे बंद, फक्त जागल. डीपीखालचे (विजेच्या ट्रान्सफॉर्मरखालचे) ५ मीटर वर्तुळ लाइनमनने लाइन बंद केल्यावर साफ केले. उडालेल्या डीओ फ्यूजचा तापलेला तुकडा गवतात पडतो. ट्रॉलीच्या टाकीतून आठवड्यात ६० लिटर कमी झालेले दिसले. गळती नव्हती, म्हशींना पाजले होते. झाकणाला कुलूप.

१४ जून

दोन दमदार सरी. जागल उद्यापासून बंद.

ग्रामसभेत मधला पट्टा ठरावात आला : कापणी डिसेंबर, पाला १५ फेब्रुवारी, १५ मार्च, ५ एप्रिल, धुरा आणि धसकटे जाळायची तर आधी जागलीवाल्याला सांगून, सकाळी ८ च्या आत, पाण्याचा ड्रम शेजारी. पश्चिमेच्या तीन शेतकऱ्यांपैकी दोघांनी सही केली. वनहद्दीलगतची रेषा ६ ऐवजी १२ मीटर करावी हा अर्ज परिक्षेत्र कार्यालयात दिला, पोच घेतली.

आज तिसऱ्या पट्ट्याच्या काठाने दर २० मीटरवर चुना मारलेले दगड पुरले, ३२ दगड. महिनाभरात गवत गुडघ्यावर येईल आणि डिसेंबरात पट्टा कुठे संपतो ते विळेवाल्याला दिसणार नाही. कुसळीची कापणी यंदा बी धरायच्या आत, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात.